अमानत

काही वर्षांपूर्वी आम्ही मोहोळहून वैराग-बार्शीमार्गे तेरला गेलो होतो. तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव, एवढेच आम्हाला ठाऊक. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सहज म्हणून शिरलो आणि बराच वेळ बाहेर पडलो नाही.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगरची मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. इथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईत मिळाली. गावच्या पांढरीतून वर आलेली मातीची खेळणी, मणी, नाणी रामलिंगप्पांनी गोळा केली. ते सरकारी माणूस नव्हते, गावातलेच एक रहिवासी होते. पुढे हा संग्रह शासनाकडे गेला.

काचेपाशी उभ्या आमच्या लेकीने विचारले, "अब्बा, यात आपलं काय आहे?"

प्रश्न झोंबला. आम्हाला वाटले, ती मलमल विणणाऱ्याचे नाव कुणाला माहीत आहे? सोलापुरात आमचे मोमीन पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसले. त्या विणकराशी आमचे नाते काहीच नाही, असे कसे म्हणावे? जमिनीत सापडलेल्या जुन्या खजिन्याला आपल्याकडे रिकाज म्हणतात आणि त्यातला पाचवा हिस्सा सर्वांचा मानतात. पण खापराच्या तुकड्याचे पाच हिस्से कसे करणार? तो अमानत म्हणूनच सांभाळावा लागतो. अमानत सांभाळणाऱ्याला, ठेवणाऱ्याचा मजहब कोणता, हे विचारता येत नाही.

मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या पोथ्या १५६२ साली मानी या गावी दिएगो दे लांदा नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने जाळल्या. आज जगात माया लिपीतल्या चारच पोथ्या उरल्या आहेत. त्यांतल्या तीन युरोपात. माया भाषा बोलणारी लाखो माणसे मात्र आजही तिथेच राहतात.

आमच्या घरी कोणी लांदा आला नव्हता. दादाजान गेल्यावर त्यांची लोखंडी पेटी आम्हीच रिकामी केली. मोडीतले कागद, उर्दू पत्रे, मागाच्या हिशोबाची मराठी वही, सारे रद्दीच्या काट्यावर चढवले. किती पैसे आले, तेही आता आठवत नाही. आणि इतिहासात आमची नोंद नाही, म्हणून मुशायऱ्यात, सभेत तक्रार करणारेही आम्हीच! आमच्या बाजूचे साक्षीदार आम्हीच घराबाहेर काढले होते.

आमची नोंद इतरांनी टाळली नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण दुसऱ्याचा गुन्हा दाखवून आपली कसूर माफ होत नाही.

घरात आता दादीचे पानदान तेवढे उरले आहे. तेरहून परतल्यावर ते चिंचेने घासले, तेव्हा बुडाशी कोरलेले नाव पहिल्यांदा दिसले. ते दादीचे नव्हते, तिच्या आईचे होते. लेकीला म्हणालो, "वहीत लिहून ठेव. कुणाचं, कुठून आलं, कुणी वापरलं."

तिने दुसरा प्रश्न विचारला, "ती कुठली होती?"

आम्हाला सांगता आले नाही.