अतिथी आणि आश्रित

अतिथीस देव मानावे, ही शिकवण आपणां सर्वांस पाठ आहे. परंतु एक रात्र राहतो तो अतिथी, असे स्मृतिकार म्हणतात. ज्याचे राहणे महिनोगणती लांबते, त्याच्याविषयी आपला धर्म कोणता?

आपल्या भागास हा प्रश्न परका नाही. १९४७-४८ साली बासर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. रझाकारांच्या भयाने मराठवाड्यातील अनेक कुटुंबे घरदार सोडून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात, तर काही मुंबई प्रांतात गेली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर परतीची वाट मोकळी झाली. तोवर ज्यांनी त्यांना ओसरी दिली, त्यांच्या कणगीत तरी किती धान्य होते?

पुढे १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. तेव्हा त्यांच्या साहाय्यार्थ टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. सरकार व सेवासंस्था अन्न, औषध, निवारा पुरवितात. पण एका विहिरीवर दोन गावे पाणी भरू लागली की यजमान कंटाळतो, आणि रोज हात पसरणाऱ्याचा मान झिजतो. यजमानाच्या कंटाळ्यास आम्ही पाप म्हणणार नाही. त्या कंटाळ्यातही दार उघडे ठेवणे, हीच धर्माची कसोटी होय.

म्हणून आश्रितास अन्नाबरोबर काम द्यावे, आणि त्याच्या मुलाच्या हाती पाटी द्यावी. सरस्वतीच्या द्वारी मुलांचा अक्षराभ्यास करविणाऱ्या आपणांस याहून अधिक काय सांगावे? ज्यांचे वाडवडील एकदा पैनगंगा ओलांडून गेले, त्यांनी दारी आलेल्यास ‘किती दिवस राहणार?’ असे विचारण्यापूर्वी क्षणभर थांबावे.