संकल्प आणि उदक

धारवाडहून बेळगावकडे जाताना बेलूरची औद्योगिक वसाहत लागते. तेथील जल व भूमी व्यवस्थापन संस्थेच्या आवारात २०१६ साली धारवाडच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचे वर्ग प्रथम भरले. पुढे ती संस्था चिक्कमल्लिगवाडच्या स्वतःच्या वास्तूत गेली. पाण्याचे नियमन आणि संगणकाची विद्या काही वर्षे एकाच आवारात नांदली, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. कारण संगणकाच्या कारागिरांनाही पाटकऱ्याचाच प्रश्न सोडवावा लागला: प्रवाह कोठून कोठे वाहू द्यावा, आणि दार कोणाच्या हाती असावे?

समजा, देवस्थानच्या कचेरीत अभिषेकाची नोंद संगणकावर होते. पडद्यावर नाव, तिथी व देणगी यांचे रकाने आहेत. शेजारी दिवसाची यादी आणि एकूण रक्कम दिसते. या सर्वांमागे एकच समाईक नोंद असते. तिला आपण मुख्य वही म्हणू. रकाना आणि वही यांची गाठ दोन रीतींनी बांधता येते. पहिल्या रीतीत रकान्यात अक्षर पडताच वही बदलते आणि वही बदलताच रकाना बदलतो. २०१० साली आलेल्या अँग्युलरजेएसने ही दुहेरी बांधणी लोकप्रिय केली. दुसऱ्या रीतीत माहिती वहीकडून रकान्याकडेच वाहते. उलट दिशेने जाते ती केवळ विनंती. २०१४ च्या फ्लक्सने आणि २०१५ च्या रिडक्सने हा दंडक घातला. वहीला कोणी परस्पर हात लावावयाचा नाही. बदल हवा असल्यास त्याला नाव देऊन तो सांगावयाचा, आणि ठरलेल्या नियमानेच तो वहीत उतरावयाचा.

पहिल्या रीतीची सोय मोठी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कारकुनाने जुन्या नोंदीतील नाव दुरुस्त करावयास घेतले, अर्धे लिहिले आणि विचार बदलून ‘रद्द’ म्हटले, तर काय होते? वेगळी प्रत राखलेली नसेल, तर जुने नाव वहीतून केव्हाच गेलेले असते. अनेक रकाने त्याच वहीत लिहीत असतील, तर कोणता बदल कोणी केला हेही उमगत नाही.

आपल्या धर्माचाराला हा भेद अपरिचित नाही. दानाची इच्छा मनात कितीदा तरी येते व जाते. पण संकल्प उच्चारून उदक सोडले की ते दान आपले राहत नाही. मनातील इच्छेला माघार आहे. सोडलेल्या उदकाला नाही.

येथे कोणी म्हणेल, मग दुसरी रीत स्वीकारली की प्रश्न मिटला. तसे नाही. प्रत्येक अक्षरासाठी नाव देऊन विनंती केली, तरी अर्धवट नाव वहीत जावयाचे ते जातेच. फक्त ते रीतसर जाते. म्हणजे येथे प्रश्न दोन आहेत. बदल कोणी केला हा उत्तरदायित्वाचा प्रश्न, आणि तो पूर्ण झाला होता काय हा पक्वतेचा. पहिल्याचे उत्तर शिस्त देते. दुसऱ्याचे उत्तर विवेकच देऊ शकतो.

व्ह्यू या साधनाच्या परंपरेत पहिल्या प्रश्नावर एक मध्यम मार्ग निघाला. तेथे रकाना लिहिणाऱ्यास दुहेरीच भासतो. परंतु वाचण्याची वाट निराळी आणि लिहिण्याची निराळी, व लिहिण्याची वाट ठरलेल्या कृतीतूनच जाते. यात सोय आणि शिस्त दोन्ही राहतात. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र कच्ची वहीच हवी. जुन्या पेढ्यांवर कच्ची नोंद आणि पक्की नोंद वेगळी ठेवीत, ती काही उगाच नव्हे.

माझ्या मते तत्त्व एवढेच आहे: जे अजून आपले आहे ते आपल्यापाशी खुशाल बदलू द्यावे, जे सर्वांचे झाले ते मात्र सांगून, नावानिशी आणि पूर्ण झाल्यावरच बदलावे. मनात येईल ते तत्क्षणी सर्वांपुढे मांडण्याची सोय आज प्रत्येकाच्या हाती आहे. अशा काळात ओंजळीतले पाणी क्षणभर ओंजळीतच ठेवणे, हाही एक आचारधर्मच नव्हे काय?