लग्न कुठे थांबवायचं?

बालविवाहाविरुद्धच्या आपल्या कायद्यांची इंग्रजी नावं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. 1929 चा कायदा ‘रिस्ट्रेन’ करणारा होता, म्हणजे आवर घालणारा. 2006 चा ‘प्रोहिबिट’ करणारा, म्हणजे सरळ मनाई करणारा. 18 ऑक्टोबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने दिलेल्या निकालात भर आहे तो ‘प्रिव्हेंट’वर, म्हणजे गोष्ट घडूच न देण्यावर. मराठीत या तिन्हींना आपण सरसकट ‘प्रतिबंध’ म्हणून मोकळे होतो आणि त्यांच्यातला फरक बुजून जातो. बीड जिल्ह्यात हा फरक मुलींच्या आयुष्यावर उठतो.

बालविवाहाला आळा घालण्याच्या विचाराची सुरुवात लग्नाला हात न लावताच झाली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी नांदायला जायला नकार दिला. 1887 मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असं सांगितलं, तेव्हा तुरुंग पत्करते म्हणाल्या. या खटल्याने आणि समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या लिखाणाने देशभर वाद पेटला. त्यातून 1891 चा संमतिवयाचा कायदा आला. तोही एवढंच सांगत होता, की मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत शरीरसंबंध हा गुन्हा. त्याआधी ही मर्यादा दहा होती. लग्न पाळण्यात लावलं तरी कायद्याची ना नव्हती. तरीसुद्धा धर्मात सरकारची ढवळाढवळ नको म्हणून लोकमान्य टिळकांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला. टिळकांबद्दल मनात आदर ठेवूनही म्हणावंसं वाटतं, की त्या वादात मुलीच्या बाजूने रानडे आणि भांडारकर उभे होते, टिळक नव्हते.

पुढची पायरी चढायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्या समितीने देशभर साक्षी घेतल्या आणि 1929 मध्ये हरबिलास सारडांचा कायदा मंजूर झाला. मुलीचं वय 14, मुलाचं 18. अंमल 1 एप्रिल 1930 पासून. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी लग्नांचा नुसता धडाका लावला आणि 1931 च्या जनगणनेत बालवधूंचा आकडा फुगलेला दिसला. आवर घालण्याची मर्यादा तिथेच उघडी पडली होती. लग्न लावणाऱ्याला शिक्षा होती, पण लागलेलं लग्न कायम. पोलिसांना आपणहून हात घालता येत नव्हता. तक्रार करणाऱ्याकडूनच शंभर रुपयांपर्यंतचा जामीनकतबा घेतला जाई. गावात वैर पत्करून वर पैसे अडकवून कोण पुढे येणार? लग्नाआधी न्यायालयाचा मनाई हुकूम मिळण्याची सोय 1938 मध्ये झाली. आणि बीड तर तेव्हा निजामाच्या राज्यात. ब्रिटिश हद्दीतला हा कायदा सीमेपलीकडेच थांबला होता.

1978 मध्ये वयं 18 आणि 21 झाली. 2006 च्या कायद्याने मनाई खऱ्या अर्थाने आणली. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. मुलीला स्वतः लग्न रद्द करून घेण्याचा हक्क. आणि मनाई हुकूम मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमलं आणि अंगणवाडी सेविका त्याच्या मदतीला दिली.

आता हे गावात कसं घडतं ते पाहू. कोणीतरी 1098 या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करतं. मुलीला हळद लागलेली असते, पातेली चुलीवर चढलेली असतात. ग्रामसेवक आणि पोलीस येतात, शाळेचा निर्गम उतारा मागतात. वय भरत नाही. आईबापाकडून हमीपत्र लिहून घेतात: मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न करणार नाही. सह्या होतात, अंगठे उठतात. गाडी निघून जाते. त्यानंतर काही दिवसांनी तेच लग्न दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या देवळात, चार माणसांत, रात्री उरकलं जातं. कागदावर ते थांबवलेलं लग्न असतं. अंगणवाडी सेविकेला पुढेही त्याच भावकीत राहायचं असतं. तिने फोन केला, हे कळलं तर तिला काय सोसावं लागतं, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी फारसा केलेला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात 21.9 टक्के होत्या, बीडमध्ये 43.7 टक्के. दुप्पट. बीडचे लोक मुलींवर कमी माया करतात, असा याचा अर्थ कोणी काढू नये. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या भागांतून दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. लग्न झालं की तो पूर्ण होतो. इकडे मुलीच्या आईबापाला पाच-सहा महिने फडावर काढायचे असतात. वयात आलेली पोर गावात म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवायची की उसाच्या फडात पालावर न्यायची? दोन्हीकडे जीव टांगणीला. मग स्थळ आलं की बाप म्हणतो, उजवून टाकू. निर्णय तिथे होतो. मांडव फार नंतर पडतो.

शिक्षा वाढवून हे सुटत नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठराच्या आतल्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच ठरवला. निकाल रास्त आहे. पण त्या वयात दिवस गेलेली मुलगी दवाखान्यात आली की डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, म्हणून वय वाढवून सांगितलं जातं किंवा दवाखानाच टाळला जातो. धाकाने प्रकरण दाबलं जातं आणि त्या दडपणाखाली बाळंतपणातला धोका ती मुलगी एकटी वाहते. 2024 च्या निकालाने शिक्षेपेक्षा आधीच्या उपायांवर जोर दिला, तो म्हणूनच मला मोलाचा वाटतो.

आधीचा उपाय म्हणजे बीडपुरतं बोलायचं तर मुलीला राहायला सुरक्षित जागा, तीही टोळी निघण्याआधी. जिल्हा परिषदेच्या शाळांतली हंगामी वसतिगृहं आहेत. 2021 मध्ये शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं. योजना उत्तम आहे, पण गावागावातून निघणाऱ्या टोळ्या पाहता जागा थोड्याच. शिवाय सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता. लग्नाचं वय अठरा. मधली चार वर्षं मुलीला शाळेत ठेवण्याची सक्ती कोणावरच नाही, आणि स्थळं येतात ती नेमकी त्याच वर्षांत. सारडांच्या कायद्याने 14 हे वय लग्नासाठी ठरवलं होतं. जवळजवळ शंभर वर्षांनी शिक्षणाचा हक्क त्याच आकड्यावर अडला आहे. तो अठरापर्यंत न्यावा आणि दिवाळीच्या आत प्रत्येक तालुक्यात नववी ते बारावीच्या मुलींना हक्काची खाट मिळावी, अशी मागणी बीडने आता विधानसभेत लावून धरायला हवी.