ध्वज, मौन आणि ‘चोरी’

ऑनलाइन बुद्धिबळाच्या पटावर दोन नावे समोरासमोर येतात. नावाशेजारी एक इवलासा ध्वज असतो, किंवा नसतो. तो लावणारा का लावतो आणि झाकणारा का झाकतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा मानसशास्त्राच्या अंगाने दिले जाते : देशाभिमान, भीती, संकोच, खोडसाळपणा. ही उत्तरे चुकीची नाहीत. पण त्यांच्या मुळाशी एक गृहीत असते आणि ते सहसा तपासले जात नाही. खेळाडूचे राष्ट्रीयत्व ही प्रतिस्पर्ध्याला मिळायलाच हवी अशी माहिती आहे, ते झाकणे म्हणजे काहीतरी हातचे राखणे आहे, असे हे गृहीत. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या गृहीताचा.

प्रथम चिन्हाचे स्वरूप पाहू. लिचेस या संकेतस्थळावर ध्वज निवडणे ऐच्छिक आहे आणि निवडलेला ध्वज खरा की खोटा हे कोणी तपासत नाही. शिवाय त्या यादीत देशांच्या जोडीला संयुक्त राष्ट्रसंघ, एस्पेरान्तो, इंद्रधनुष्य आणि चक्क चाच्यांचा झेंडाही आहे. म्हणजे येथील ध्वज हा पारपत्राचा उतारा नव्हे; ती एक उक्ती आहे. उक्ती म्हटली की वक्ता, श्रोता आणि प्रसंग आले, आणि न बोलण्याची शक्यताही आली. याउलट ‘फिडे’च्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या स्पर्धांत ध्वज खेळाडूच्या संघटनेकडून येतो. तेथे तो उच्चारला जात नाही, लावला जातो.

परंतु हा भेदही वाटतो तितका पक्का नाही. डिसेंबर 2019 मध्ये मॉस्को येथील जागतिक जलद बुद्धिबळ स्पर्धेत अलिरेझा फिरोजा ‘फिडे’च्या ध्वजाखाली उतरला आणि कार्लसनच्या मागोमाग दुसरा आला. इस्रायली खेळाडूंशी गाठ पडू नये म्हणून इराणच्या संघटनेने आपल्या खेळाडूंना त्या स्पर्धेपासून रोखले होते. इराणचा ध्वज सोडणे ही फिरोजाची स्वतःची कृती होती. (2021 पासून तो फ्रान्सकडून खेळू लागला.) 2023 मध्ये अस्ताना येथे जगज्जेतेपदाची लढत खेळणाऱ्या इयान नेपोम्नियाशीच्या नावापुढेही ‘फिडे’चाच ध्वज होता; पण तो युक्रेनवरील 2022 च्या आक्रमणानंतर रशियन ध्वजावर आलेल्या बंदीमुळे. युद्धाला विरोध करणाऱ्या रशियन खेळाडूंच्या खुल्या पत्रावर त्याचीही सही होती. बंदीने असा भेद केला नाही. ध्वजाला तो करताही येत नाही. चिन्ह तेच, एका ठिकाणी ते स्वतः दिलेला नकार, दुसऱ्या ठिकाणी वरून लादलेले मौन. केवळ पटाकडे पाहणाऱ्याला यांतले कोणते कोणते हे कधीच कळणार नाही. ध्वजाच्या अभावाचा अर्थ अभावातून निघत नाही.

आता नैतिक प्रश्नाकडे वळता येईल. कांटने असत्यकथनाला कोणत्याही सबबीखाली मुभा दिली नाही, हे प्रसिद्धच आहे. पण मौन आणि असत्य यांत त्याने भेद केला होता, हे तितके लक्षात ठेवले जात नाही. जे बोलतो ते खरे असले पाहिजे. जे खरे आहे ते सर्व बोलले पाहिजे असे नाही. या कसोटीवर कोरी जागा निर्दोष ठरते आणि भारतीय खेळाडूने नॉर्वेचा ध्वज लावला तर तो दोषी ठरतो. चाच्यांच्या झेंड्याचे काय? त्याने कोणीच फसत नाही. तो मौनाचाच बोलका प्रकार म्हणावा लागेल. खेळाच्या नियमांच्या दृष्टीने मात्र यांपैकी कशानेही काही बिघडत नाही. हाउझिंगाच्या ‘होमो लुडेन्स’ (1938) मधील लबाड खेळाडू निदान खेळाच्या आत लबाडी करतो. खोटा ध्वज लावणाऱ्याचा उंट तिरकाच चालतो.

तरीही झाकण्याला अपराधाची छटा चिकटते. ती कोठून येते? येथे मराठी वाचकाला आपल्याच भाषेतील एक क्रियापद आठवल्याशिवाय राहणार नाही. बाबूराव बागुलांच्या 1963 च्या कथासंग्रहाचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’. जात ‘लपवली’ नव्हे, ‘चोरली’. चोरी म्हटली की वस्तूचा मालक आला. मी कोण आहे याचे ज्ञान माझे नाही, ते समाजाचे आहे, मी ते त्याच्या ताब्यातून काढून घेतले, असे हे क्रियापद सांगते. आणि शीर्षककथेतील निवेदकाला जात उघड होताच जो मार बसतो तो या मालकीहक्काचा पुरावा ठरतो. जात आणि राष्ट्रीयत्व एक नव्हेत. ध्वज झाकणाऱ्याला भाड्याची खोली नाकारली जात नाही, आणि ही तुलना फार ताणणे बागुलांवर अन्याय करणारे होईल. पण ‘का लपवलेस?’ या प्रश्नाचे व्याकरण दोन्हीकडे सारखे आहे. ते विचारणारा स्वतःला त्या माहितीचा धनी समजतो.

हा प्रश्न सर्वांना सारखा विचारला जात नाही, हेही नोंदले पाहिजे. बुद्धिबळात उच्चार ऐकू येत नाही, ही मोठी सोय. ज्या खेळांत सांघिक संभाषण आवाजावर चालते तेथे भारतीय खेळाडूचे पहिले वाक्यच त्याचा ध्वज असते आणि त्यामागोमाग कॉल सेंटरवरचा ठरीव विनोद येतो. अशाला गप्प बसायचे असेल तर खेळातील सहकार्यही सोडावे लागते. ज्याच्या देशाच्या नावाने कोणी टोमणा मारत नाही, त्याने ध्वज लावला काय आणि न लावला काय! त्याचे मौन फुकट असते.

मग दाखवण्याचे काय? 1964 च्या गुंटर गाउस यांना दिलेल्या मुलाखतीत हाना आरेंट यांनी असा विचार मांडला की ज्यूंवर ज्यू म्हणून हल्ला झाला तर ज्यू म्हणूनच प्रतिकार केला पाहिजे. त्या क्षणी केवळ ‘मी माणूस आहे’ हे उत्तर पुरेसे नसते. ध्वज दाखवणे असे प्रत्युत्तर असू शकते. टोमणा ऐकल्यानंतर लावलेला तिरंगा आणि सप्टेंबर 2024 मध्ये बुडापेस्ट ऑलिंपियाडची दोन्ही सुवर्णपदके भारताला मिळाल्यावर लावलेला तिरंगा यांची रेखाकृती एकच असली, तरी पहिल्यात बोलणाऱ्याला काही मोजावे लागते, दुसऱ्यात त्याला काही मिळते. माझा कल पहिल्याकडे आहे, हे लपवीत नाही. मात्र आरेंट यांच्या विधानातील ‘हल्ला झाला तर’ ही अट विसरून चालणार नाही. ती गाळली की प्रत्युत्तराचा हक्क हे ओळखपत्र दाखवण्याचे फर्मान होते; आणि ज्याने संध्याकाळी दोन डाव खेळण्यापुरतेच देशाचे ओझे खाली ठेवले होते, त्याच्याकडेही आपण धन्याच्या नजरेने पाहू लागतो.