घंटेनंतरचं पाणी

वसईच्या भुईगाव-निर्मळ पट्ट्यात समुद्र अगदी जवळ आहे, तरी विहिरी आणि बावखलं, म्हणजे छोटी तळी, गोड्या पाण्याची. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर, दुधावर साय धरावी तसं, तरंगत राहतं. या सायीवरच इथली केळी, पानवेली आणि मोगरा पिढ्यान् पिढ्या पोसला गेला.

तिथल्या एका वाडीत एक म्हातारा ख्रिस्ती शेतकरी राहत होता. त्याच्या तरुणपणी विहिरीवर रहाट होता. सकाळी, दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला देवळाची घंटा झाली की तो रेड्याला थांबवी आणि देवदूतानं मरियेला आणलेल्या निरोपाची प्रार्थना म्हणे. दुपारी रेड्याचं चारापाणी होईपर्यंत रहाट बंद. संध्याकाळच्या घंटेनंतर तर तो उजाडेपर्यंत फिरतच नसे. पुढे रहाट गेला, मोटर आली. म्हाताऱ्याचा नेम मात्र तोच राहिला. घंटा झाली की खटका खाली.

"बाबा, तेवढा वेळ मोटर चालू राहिली तर देव रागावणार आहे का?" मुलगा विचारी.

"देव कशाला रागावेल? पण घेता घेता हात कसे जोडायचे, ते तू मला सांग."

मुलाला हे म्हातारपणाचं बोलणं वाटे. तेव्हा, १९८० च्या दशकात, आसपास इमारती उठू लागल्या होत्या आणि त्यांना पाणी हवं होतं. एक टँकरवाला वाडीत आला. घराचं छप्पर गळत होतं, मुलीचं लग्न तोंडावर होतं. लोभापेक्षा गरजच मोठी होती, हे मुलाच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानं होकार दिला. टँकर रात्री येत, घंटा होऊन गेल्यावर. म्हातारा खाटेवर माळ ओढत मोटरचा आवाज ऐकत पडून राही.

दुसऱ्या उन्हाळ्यात सून म्हणाली, "चहा खारट लागतोय." मग केळीच्या पानांच्या कडा करपल्या. पानवेली पिवळ्या पडल्या. गोड्या पाण्याची पातळी हातभर खाली गेली, तर खालचं खारं पाणी चाळीसेक हात वर चढतं, असा किनाऱ्यावरच्या विहिरींचा ढोबळ हिशेब आहे. घरात तो कोणालाच ठाऊक नव्हता. दिवसभर उपसलेली विहीर रात्री भरून येते, एवढं मात्र म्हाताऱ्यानं आयुष्यभर पाहिलं होतं.

मुलगा बापापाशी येऊन बसला. "बाबा, पाणी गोड व्हावं म्हणून प्रार्थना करा ना."

"प्रार्थना मी एक दिवसही चुकवली नाही. पाणी मागायचं कशाला? त्यानं दिलंच होतं. थांबायलाही सांगत होता, दिवसातून तीनदा. ते आपण ऐकलं नाही."

प्रार्थना म्हणजे मागणं, असं आपण धरून चालतो. मागणं थांबवून उभं राहणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे, हे मला त्या म्हाताऱ्यामुळे पटलं.

त्या रात्री मुलानं टँकर परत पाठवला. त्याच्याकडून आगाऊ घेतलेली रक्कम फेडायला भाताची एक पट्टी विकावी लागली. पाणी लगेच काही सुधारलं नाही. पहिल्या पावसाळ्यानंतरही चहा खारटच लागला. दुसऱ्यानंतर भाजी धरली. केळी नीट यायला तिसरा पावसाळा उलटावा लागला, आणि ती पाहायला म्हातारा नव्हता.

त्याच सुमारास वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. पाणी आणि वाड्या वाचवायला माणसं रस्त्यावर आली. हा मुलगाही त्यांत होता. सभेत तो कधी बोलला नाही. पण संध्याकाळची सभा कितीही लांबली, तरी घंटेच्या आधी तो वाडीत पोचे आणि मोटरचा खटका स्वतःच्या हातानं खाली करी.