अशिलाचें गुपित आणि वकिलाचा कारकून

वैद्य व वकील ह्यांच्यापाशीं कांहीं लपवूं नये, असें आपले वडीलधारे सांगत आले आहेत. ह्या उपदेशाचा उत्तरार्ध मात्र क्वचितच उच्चारला जातो: ज्यांच्यापाशीं आपण कांहीं लपवीत नाहीं, त्यांनीं तें इतरांपासून लपविलें पाहिजे. वकिलाच्या बाबतींत हें कोणासही पटतें. परंतु त्याच्या कारकुनाचें काय, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं.

नागपुरास १९३६ सालीं स्वतंत्र हायकोर्ट स्थापन झालें. १९५६ पासून तेथें मुंबई हायकोर्टाचें खंडपीठ बसतें. गडचिरोलीचा किंवा बुलढाण्याचा अशील कागदांचें गाठोडें घेऊन सिव्हिल लाइन्समध्यें येतो, तेव्हां पुष्कळदां त्याला प्रथम भेटतो तो कारकून. कागद लावतांना, नकला काढतांना घरांतील भाऊबंदकी, सुनेचा छळ, दडविलेलें कर्ज हें सारें त्याच्या कानांवर पडतें. अशिलानें त्याला निवडलेलें नसतें; गरजेपोटीं त्याच्यापुढें मन उघडें केलेलें असतें.

कायद्यानें हें फार पूर्वींच ओळखलें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत १२६ व्या कलमानें वकिलावर मौनाचें जें बंधन घातलें, तेंच १२७ व्या कलमानें त्याचे दुभाषे, कारकून व नोकर ह्यांवर घातलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ व्या कलमांत तें कायम आहे. काम संपलें तरी बंधन सुटत नाहीं. मात्र बेकायदेशीर हेतु साधण्यासाठीं सांगितलेल्या गोष्टीला, किंवा काम हातीं घेतल्यावर घडलेल्या गुन्ह्याला व लबाडीला, ह्या मौनाचा आडोसा नाहीं.

कोणी म्हणेल, कोर्ट तर उघडें असतें; तेथें बोललेलें सभेंत सांगितलें तर बिघडलें काय? आमचें उत्तर असें कीं, तीच गोष्ट वर्तमानपत्रानें सांगणें निराळें आणि कारकुनानें सांगणें निराळें. त्याला आंतलें ठाऊक आहे, हें श्रोते जाणतात. त्याच्या एका स्मितानेंही साक्ष दिल्यासारखें होतें. कोणी म्हणेल, आम्ही नांव घेत नाहीं. पण पोटगीसाठीं झगडणाऱ्या एखाद्या स्त्रीचें नांव गाळून तिचें गांव, नवऱ्याचें दुकान आणि मुलांची संख्या सांगितली, तर राहिलें काय? परक्यांना ती कळणार नाहीं. जिथें तिला तोंड दाखवावयाचें आहे, तिथेंच कळेल.

मग अशिलाची परवानगी घ्यावी काय? घ्यावीच, परंतु ज्याचा दावा आपल्या हातीं आहे, त्याचा होकार पुरा मोकळा नसतो, हें विसरूं नये. कोर्टांतील दिरंगाई, खर्च, गरिबांची ससेहोलपट ह्यांवर कारकुनानें अवश्य बोलावें. त्याच्याइतकें तें कोणास ठाऊक? पण त्यासाठीं एकाच्या घराचा दरवाजा उघडण्याचें कारण नाहीं.

कारण नुकसान त्या एकाच अशिलाचें होत नाहीं. सभेंत बसलेला दुसरा मनाशीं ठरवितो कीं, आपण अर्धेंच सांगावें. आणि तें न सांगितलेलें अर्धें उलटतपासणींत विरुद्ध पक्षाच्या तोंडून बाहेर पडतें. तेव्हां त्याचा दावा कोणीं बुडविला, हें त्या वक्त्याला कधींच कळत नाहीं.