चेन उतरण्याआधीची झीज



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२ आणि ६३.

हे दोन श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असतात, शाळेतल्या गीतापाठांतर स्पर्धेची कृपा. विषयाचं सतत चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतीचा घोटाळा, मग बुद्धी गेली, आणि शेवटी माणूसच गेला. मला ही नेहमी घसरगुंडी वाटायची. एकदा पाय सुटला की थेट खाली. गेल्या मे महिन्यात सांगोल्याजवळ मामाकडे गेलो होतो, तिथे मात्र अशीच एक साखळी हातात धरून बघायला मिळाली. लोखंडाची, ग्रीस आणि मातीने माखलेली.

मामाकडे जुना चेनचा डोझर आहे, माझ्यापेक्षा वयाने मोठा. शेततळी, बांध, जमीन सपाट करणं, अशी कामं तो घेतो. ज्यांनी हे मशीन जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागे दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट. इंजिनची ताकद तिथे येते. पुढे बिनदात्यांचं चाक, आयडलर. मधे खाली ओळीने रोलर, ज्यांच्यावर मशीनचं सगळं वजन. या सगळ्यांभोवती चेन, आणि तिला बाहेरून पोलादी पट्ट्या. मशीन स्वतःचा रस्ता पुढे अंथरत जातं आणि मागून उचलत नेतं. १९०४ साली कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्ट यांनी वाफेवरच्या ट्रॅक्टरला असे पट्टे लावून पाहिले, कारण तिथल्या भुसभुशीत जमिनीत चाकं रुतायची. मूळ कल्पना आजही तीच आहे.

आता खरी गोष्ट चेनच्या जोडात आहे. प्रत्येक जोडात एक पिन, आणि तिच्यावर बुश. चेन स्प्रॉकेटवरून किंवा आयडलरवरून वळते तेव्हा दर वेळी पिन बुशच्या आत किंचित फिरते. १९७०च्या दशकात आत तेल भरून सील केलेल्या चेन आल्या, पण मामाच्या मशीनची चेन जुन्या पद्धतीची, कोरडी. बारीक माती आत शिरते आणि पॉलिश पेपरसारखं काम करत राहते. एका फेऱ्यात किती झिजत असेल? मोजताही येणार नाही इतकं. आणि हे सगळं बुशच्या आत, त्यामुळे बाहेरून चेन ठणठणीत.

इंजिनियर माणूस, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. एका बाजूला समजा ३८ जोड आहेत आणि प्रत्येकात २ मिलिमीटर झीज झाली, तर चेन ७६ मिलिमीटर लांब होते! लोक म्हणतात चेन ताणली गेली. खरं तर लोखंड तेवढंच असतं, प्रत्येक सांध्यात थोडी पोकळी झालेली असते.

पुढे काय होतं बघा. स्प्रॉकेटच्या दोन दातांमधलं अंतर ठरलेलं, पण चेनच्या दोन बुशमधलं अंतर वाढलेलं. बुश दातांच्या खोबणीत नीट बसत नाही, दातावर चढून घासत उतरतं. दात टोकदार होतात, करवतीसारखे. बुश बाहेरूनही झिजतं. सैल चेन आडवी हलते, रोलरच्या कडा खाते. एक झिजलेला भाग शेजारच्याला झिजवतो. अशा मशीनच्या आयुष्यभराच्या देखभालीतला जवळपास निम्मा खर्च या खालच्या भागावर होतो, असं या धंद्यात मानतात.

मामाने काय केलं? चेन सैल दिसली की ग्रीस गन लावायची. ग्रीस दाबलं की आयडलर पुढे सरकतो आणि चेन पुन्हा ताठ. दिसायला छान! सैलपणा गेला, पण सांध्यातली झीज तिथेच. वर चेन जास्त आवळली गेली तर प्रत्येक जोडावर ताण वाढतो आणि झिजणं आणखी जोरात. अशी दोन वर्षं गेली. मग दात फारच टोकदार झाले म्हणून मामाने नवीन स्प्रॉकेट बसवले, जुन्या चेनवरच. नव्या दातांची जुन्या चेनने थोड्याच दिवसांत वाट लावली.

मी गेलो त्याच आठवड्यात शेततळ्याच्या बांधावर, उतारावर आडवं चालताना खालच्या बाजूची चेन उतरली. एका बाजूची ओढ गेली, दुसरी चालू, त्यामुळे मशीन उताराकडे वळलं. खाली हेल्पर उभा होता, एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. त्याने उडी मारली म्हणून वाचला. संध्याकाळी मामा ऑपरेटरला एक शब्द बोलला नाही. मला म्हणाला, "उतरली आज रं भाच्या. पण झिजतीया दोन वरसं."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण फक्त तो पोरगा नव्हता.

एप्रिलमध्ये माझ्या टीममधल्या एका नव्या मुलाला मी कॉलवर, दहा जणांसमोर, वाट्टेल ते बोललो होतो. चूक त्याची होती, प्रॉडक्शन दोन तास बंद पडलं. पण मी जे बोललो ते त्या दोन तासांबद्दल नव्हतंच. मला वर्षभर एक प्रमोशन बोचत होतं, जे दुसऱ्याला मिळालं. रोज ऑफिसमधून येताना, रोज अंघोळ करताना, अगदी जप करतानाही, मी तीच रीळ फिरवून बघायचो. डोझरचा मिस्त्री सांगत होता की रिव्हर्समध्ये जोरात पळवलं की बुश आणि दात जास्त झिजतात. आणि रिव्हर्समध्ये काम तर शून्य होतं! माझं ते वर्ष सगळं रिव्हर्समध्ये गेलं होतं.

गीतेतली साखळी 'ध्यान' या शब्दापासून सुरू होते, हे मला पाठांतरात कधी टोचलं नव्हतं. भगवंत क्रोध मधे कुठेतरी ठेवतात. आपण उपाय नेमका तिथे करतो. मीही केले. श्वास मोजायचं ॲप घेतलं, चातुर्मासात रागवायचं नाही असा नेम केला. नेम चांगलाच होता, पण माझ्या बाबतीत तो जुन्या चेनवर नवीन स्प्रॉकेट होता. आतली रीळ चालूच होती.

आणि स्मृतिभ्रंश. हा शब्द मला आता भीती घालतो. तेवीस वर्षांचा असताना मीही एक सिस्टिम बंद पाडली होती. तेव्हाच्या सिनियरने सगळ्यांसमोर ती जबाबदारी स्वतःवर घेतली होती. ती गोष्ट मी कधी विसरलो नव्हतो. फक्त त्या कॉलवर, त्या पाच मिनिटांत, ती मला आठवली नाही.

मग मशीन चालवायचंच नाही का? मिस्त्रीला हेही विचारलं. तो हसला. उभं ठेवलं तर पिना गंजून धरतात, म्हणाला. परवा ५९व्या श्लोकात आपण हेच पाहिलं, की विषय दूर ठेवले तरी आतली गोडी शिल्लक राहते. इलाज वेगळा आहे. पिन आणि बुश काढून १८० अंशात फिरवून पुन्हा बसवतात. झिजलेली बाजू मागे जाते, कोरी बाजू कामाला येते. तीच पिन, तेच बुश, तोंड फक्त वळवलेलं. पण झीज मापात असेल तरच. बुश पार पातळ झालं किंवा तडकलं की फिरवण्यासारखं काही उरत नाही. म्हणून माप वेळेत घ्यावं लागतं: चेन ताठ करून चार जोडांची लांबी टेपने मोजायची आणि मूळ मापाशी ताडून बघायची. मामाने दोन वर्षांत टेप लावली नव्हती. मीही नाही.

आता मी रात्री हरिपाठानंतर दोन मिनिटं एवढंच बघतो, की आज कोणी न बोलावता मन कुठे कुठे जाऊन बसलं. लिहून ठेवतो. मे अखेरपासूनची वही आहे, आणि तेच प्रमोशन तिच्यात अजून येतं, आठवड्यातून तीन-चारदा. वळवायचं तोंड कुठे, ते उद्याच्या ६४व्या श्लोकात आहे, आज त्यात शिरत नाही.

त्या मुलाने राजीनामा दिलाय. येत्या शुक्रवारी त्याचा शेवटचा दिवस. मी मेसेजवर माफी मागितली, तर "इट्स ओके सर" एवढंच उत्तर आलं. गुरुवारी चहाला बोलावलंय. येतो म्हणालाय.

रामकृष्ण हरी.